पार्टीमागे नको, कागदामागे पळा

इस्टेट एजंट व्हायला भांडवल लागत नाही, हीच आमच्या धंद्याची सगळ्यात मोठी अडचण. एक फोन, एक दुचाकी आणि दोन-चार सोसायट्यांच्या वॉचमनशी ओळख, एवढ्यावर माणूस एजंट होत असे. मीही तशीच झाले. २०१४ मध्ये पिंपळे सौदागरला अर्धा गाळा भाड्यानं घेऊन बसले, तेव्हा माझ्याकडे परवाना नव्हता आणि कुणी तो मागतही नव्हतं. आता तसं राहिलेलं नाही. १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला, बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटला महारेराकडे नोंदणी सक्तीची झाली. २०२३ पासून तर नोंदणीआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावं लागतं. एकट्या माणसाला दहा हजार रुपये फी, मुदत पाच वर्षं. चांगली गोष्ट आहे. पण परीक्षा कलमं शिकवते. टोकन द्यायला खिशात चेकबुक घेऊन आलेल्या माणसाला घरातला दोष सांगायला जीभ कशी उचलायची, ते तिथं शिकवत नाहीत.

माझ्याकडे अधूनमधून मुलं-मुली काम शिकायला येतात. त्यांना पहिल्या काही दिवसांत जे सांगते, ते इथं लिहून काढते आहे. क्रमाला फार अर्थ नाही. चौथा आणि सहावा मुद्दा मात्र घाईत वाचू नका.

१. भाड्याच्या कामापासून सुरुवात करा

नव्या पोरांना विक्रीची घाई असते. साठ लाखांचा फ्लॅट, दोन टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार, हा हिशेब त्यांनी घरून निघतानाच केलेला असतो. भाड्याच्या व्यवहारात फार तर महिन्याचं भाडं मिळतं, तेही मिनतवाऱ्या करून. तरी भाड्यानंच सुरुवात करा, कारण भाड्याच्या कामात तुम्ही इमारती शिकता. कुठल्या सोसायटीत मार्चपासून टँकर लागतात, कुठल्या विंगची लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते, कुठले चेअरमन भाडेकरूच्या पाहुण्यांचीही नोंद मागतात, हे सगळं भाडेकरू सांगतो. मालक सांगत नाही. दोन वर्षांनी त्याच इमारतीतला फ्लॅट विकायला येतो, तेव्हा ती माहिती तुमच्या वहीत असते.

आणि पहिली कसोटीही इथंच लागते. ओनर काका म्हणतात, “अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोटरी करून टाकू. रजिस्ट्रेशनची कटकट कशाला?” महाराष्ट्रात हा गैरसमज इतका पक्का आहे की काही वकीलसुद्धा तसंच सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झालाच तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. हे एवढं सांगितलं की बहुतेक काका ऑनलाइन नोंदणीला तयार होतात. एक काका झाले नाहीत. “तुम्ही फार कायदा सांगता,” म्हणाले आणि चावी परत मागून शेजारच्या एजंटकडे दिली. त्यांच्या त्याच इमारतीत तीन फ्लॅट होते. तिन्ही गेले, आजतागायत परत आले नाहीत. खरं बोलल्यानं गिऱ्हाईक परत येतंच, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्याचं दुकान कुठं आहे ते आधी विचारा.

२. “फ्लॅट गेला” म्हणू नका

आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात सोपं खोटं आहे. मालकाला बॅचलर नको असतात, कुणाला मांसाहारी नको असतात, कुणाला आडनाव ऐकून नको असतं. एजंट मधल्या मध्ये पार्टीला सांगून टाकतो, “सॉरी, फ्लॅट गेला.” संध्याकाळी त्याच फ्लॅटची जाहिरात त्या मुलाला मोबाइलवर दिसते. तो मूर्ख नसतो.

मी सरळ सांगते, “ओनरनं नकार दिला. तुमच्यात काही कमी नाही. दुसरं बघू.” हे सांगताना कसंनुसं होतं, विशेषतः समोर एखादं शिकलं-सवरलेलं, चांगल्या नोकरीतलं मुस्लिम जोडपं असतं आणि मालकानं नाव ऐकूनच फोन ठेवलेला असतो. पण खोटं सांगून आपण त्यांचं दुःख कमी करत नाही, आपली अडचण कमी करतो. मालकालाही मी सांगते की कारण मी लपवणार नाही. त्यानं दोन-तीन मालक ओशाळले आणि भेटायला तरी तयार झाले. बाकीचे नाही झाले. हिंजवडीमुळे आमच्या भागात देशभरातली माणसं राहायला येतात, आणि अशा नकारांची यादी वर्षागणिक लांबतेच आहे. माझ्या मते आमच्या शहराला हे शोभत नाही.

३. टेप बरोबर ठेवा

जुन्या फ्लॅटच्या रीसेलमध्ये मालक म्हणतो, “हजार पन्नासचा टू बीएचके आहे.” त्याच्या दृष्टीनं ते खोटं नसतं, त्यानं घेतला तेव्हा बिल्डरनं तेवढ्याचेच पैसे घेतले होते. त्यात जिना, लॉबी, लिफ्ट, कधी कधी क्लबहाउसचाही वाटा धरलेला असतो. आम्ही त्याला सुपर बिल्टअप किंवा सेलेबल म्हणतो. रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या दिलेली आहे: घरातलं वापरता येणारं क्षेत्रफळ, आतल्या भिंती धरून. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाही. मोजलं की हजार पन्नासचे सातशेच्या आसपास निघतात.

पार्टीला आकडा सांगायचा तो मोजलेला सांगा. मालक चिडतो, “तुम्ही माझ्या घराची किंमत पाडता.” त्याला समजावायचं की घेणारा आता नव्या प्रकल्पातला कार्पेटचा भाव बघून आलेला असतो, आणि बँकेचा व्हॅल्युअर येऊन मोजणारच आहे. तेव्हा कळण्यापेक्षा आज कळू दे.

४. कागद आधी, गाडी नंतर

आता गुंठ्याबद्दल. भोसरी, चाकण, तळवड्याच्या कारखान्यांत मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेली माणसं वीस-वीस वर्षं काम करतात. भाड्याच्या खोलीत मुलं मोठी होतात. मग पीएफमधून काही, बायकोच्या दागिन्यांवर काही, असं करून एक गुंठा, अर्धा गुंठा घ्यायचा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. रविवारी एजंट गाडी पाठवतो, जाताना नाष्टा, येताना जेवण, प्लॉटवर चुन्यानं आखलेल्या रेघा आणि मध्ये एक कमान. तिथं उभं राहिल्यावर माणसाला कागद दिसत नाही, घर दिसतं. म्हणून मी नियम केला आहे की सातबारा हातात आल्याशिवाय पार्टीला गाडीत बसवायचं नाही. एकदा जागा आवडली की तुम्ही काहीही सांगा, त्याच्या कानात जात नाही.

सातबाऱ्यावर नाव बघून थांबू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वारसांची तक्रार, सगळं तिथं बसलेलं असतं. भोगवटादार वर्ग दोन लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. त्याच्या मागचे फेरफार काढा, आठ-अ काढा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या, आणि तो वकील विकणाऱ्याचा नको. मग महापालिकेचा किंवा पीएमआरडीएचा झोन दाखला. आमच्याकडे आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात, ज्या पुस्तकात नाहीत. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराभोवती रेड झोन आहे, तळवडे, रुपीनगर, निगडीचा काही भाग त्यात अडकलेला आहे. आणि पवना, मुळा, इंद्रायणी या नद्यांच्या पूररेषा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगीच नाही.

मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. ती झोपडपट्टी नव्हती. माणसांनी आयुष्यभराचे पैसे घालून बांधलेले पक्के बंगले होते. प्रत्येक प्लॉट कुणीतरी कुणाला तरी दाखवला असेल, “नदीकाठची शांत जागा आहे” म्हणून. त्या बातम्या बघताना आमच्या लाइनीतल्या लोकांच्या मनात हाच विचार आला असेल, निदान यावा.

त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. भोसरीतल्या एका कंपनीत टर्नर असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले, नदीच्या बाजूचा अर्धा गुंठा त्यांनी बघून ठेवला होता. मला फक्त कागद करून द्यायचे होते. मी नकाशा काढून रेषा दाखवली. शंभराच्या स्टँपपेपरवर (आता तो पाचशेचा झाला आहे) नोटरी करून आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन मालकी मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच हे स्पष्ट केलं आहे, हेही सांगितलं. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे एवढ्या तुकड्याचं खरेदीखत होणार नाही, हेही. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, “ताई, मग आमच्यासारख्यानं घ्यायचं कुठं?” मी त्यांच्या बजेटमध्ये चऱ्होलीच्या पुढं, चाकणकडं नोंदणीकृत प्रकल्पातले वन आरके दाखवले. त्यांना जमीन हवी होती, चौथ्या मजल्यावरची खोली नको होती. त्यांनी तो अर्धा गुंठा दुसऱ्याकडून घेतला, वर दोन खोल्या बांधल्या. त्या आजही उभ्या आहेत. अजून नोटीस आलेली नाही. सरकारनं अलीकडे शहरी भागात तुकडेबंदीत सवलती दिल्या, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मी त्यांना पुन्हा सांगितलं की सवलत तुकड्याला आहे, पूररेषा आहे तिथंच आहे. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याकडे तसाच पडून आहे. त्याला उत्तर एजंटकडे नाही, ते सरकारकडे असायला हवं होतं.

५. “मेट्रो येणार आहे” असं म्हणू नका

घडलेलं तेवढं सांगा. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि त्या दिवसापासून आमच्याकडे ‘मेट्रो टच’ फ्लॅट विकायला आले. पिंपरी ते फुगेवाडी गाडी धावली ती मार्च २०२२ मध्ये. मधली सव्वापाच वर्षं लोकांनी मेट्रोचा भाव देऊन रस्त्यावरचे खड्डे मोजले. डीपी रोडचंही तेच. नकाशावर अठरा मीटरचा रस्ता असतो, जागेवर शेतकऱ्याचं कुंपण असतं. नकाशा दाखवा, कुंपणही दाखवा.

पाण्याबद्दल तर बोलूच नका, कागद दाखवा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेचं पाणी दिवसाआड सुरू झालं. तेव्हापासून मी फ्लॅट दाखवताना सोसायटीची टँकरची बिलं मागून घेते. सेक्रेटरी कुरकुरतात, पण देतात.

६. चिकाटी म्हणजे रोजचा फोन नव्हे

“नमस्कार सर, काही विचार झाला का?” हा फोन जो एजंट आठवड्यातून दोनदा करतो, त्याचा नंबर लोक ब्लॉक करतात. त्याला फॉलोअप म्हणतात, मी त्याला पिरपिर म्हणते. माझ्याकडच्या मुलांना सांगून ठेवलं आहे की पार्टीला फोन करायचा तर हातात नवी माहिती हवी. त्या इमारतीत दुसरा फ्लॅट कितीला गेला, ओनर दोन लाख खाली यायला तयार आहे, भोगवटा प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही म्हणून थांबा, असं काहीतरी. नसेल तर फोन करू नका, माहिती मिळवायला बाहेर पडा.

खरी चिकाटी लागते ती कागदाला. चिंचवडमधल्या एका जुन्या सोसायटीतला फ्लॅट माझ्याकडे विकायला आला. वडिलांच्या नावावरचा, वडील जाऊन काही वर्षं झालेली. दोन भाऊ, एक बहीण. मोठा भाऊ नॉमिनी, फ्लॅटचा ताबा त्याच्याकडे. तो धरूनच चालला होता की नॉमिनी म्हणजे मालक. तसं नसतं. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, हक्क वारसांचाच राहतो, आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांनी कमावलेल्या घरात मुलीचा वाटा मुलांएवढाच. घेणारं जोडपं बँकेचं कर्ज काढणार होतं. बँकेच्या वकिलानं सगळ्या वारसांच्या सह्या मागितल्या. मोठा भाऊ म्हणाला, “काही प्रश्न नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्र करून आणतो.”

बहीण बार्शीला. तारीख ठरवायला मी तिला फोन केला, तर ती म्हणाली, “मॅडम, कसली सही? दादा म्हणाला सोसायटीच्या कागदावर लागते.”

इथं एजंटनं काय करायचं? माझं कमिशन भाऊ देणार. बहिणीनं सही केली तर महिन्याभरात व्यवहार होतो. तिला एक वाक्य जास्त सांगितलं तर होतो की नाही कुणास ठाऊक. मी सांगितलं, “ताई, ही सही म्हणजे घरातला तुमचा हक्क सोडणं आहे. सोडायचा असेल तर जरूर सोडा, पुष्कळ बहिणी सोडतात. पण बार्शीतल्या एखाद्या वकिलाला विचारून मग सही करा.” तासाभरात भावाचा फोन आला. “तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात? कमिशन मी देतोय.” मी म्हटलं, खरेदीखत झाल्यावर उद्या बहीण कोर्टात गेली तर घेणाऱ्याचं घर अडकेल, आणि ते घर मी दाखवलेलं असेल. त्याला ते पटलं नाही. त्यानं चावी मागितली नाही, एवढंच.

पुढचं वर्षभर मी त्या फ्लॅटचे कागद जमवत राहिले. १९८०च्या दशकातला मूळ करारनामा हरवलेला होता. त्यासाठी पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत. जुन्या इंडेक्समध्ये वडिलांचं आडनाव चुकीचं टाइप झालेलं, त्याचं प्रतिज्ञापत्र. सोसायटीनं ट्रान्स्फरसाठी लाखभर रुपयांचं ‘डोनेशन’ मागितलं. हस्तांतरणाचं अधिमूल्य पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, हे कमिटीला उपविधीतून वाचून दाखवावं लागलं, आणि ते तीन वेगवेगळ्या मीटिंगांत, कारण दर वेळी नवा सभासद तोच मुद्दा काढायचा. धाकटा भाऊ मध्यस्थीला आला तो एका लग्नात. तिथं बहीण सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, “मला पैसे नको होते. पण मला कुणी विचारलंच नाही.” त्यानंतर हक्कसोडपत्राचा विषय बंद झाला. तिघांनी विकणारे म्हणून एकत्र सह्या करायच्या आणि पैसे तीन ठिकाणी जायचे, असं ठरलं.

पहिलं जोडपं तोपर्यंत रावेतला दुसरं घर घेऊन मोकळं झालं होतं. नवी पार्टी मिळाली. मोठ्या भावानं कमिशन निम्मं दिलं, “तुमच्यामुळे मला वर्षभर उशीर झाला” म्हणून. मी वाद घातला नाही, पण पावतीवर ‘ठरलेल्यापैकी निम्मी रक्कम’ असं लिहून त्याची सही घेतली. धंद्यात उदार असावं, वेंधळं असू नये.

७. मधले पैसे खाऊ नका

ओनर बासष्ट म्हणतो, पार्टीला पासष्ट सांगायचे, वरचे तीन आपले. या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी पहिल्या महिन्यात शिकवतं. शिकू नका. दोन्ही बाजूंना एकाच टेबलावर बसवा. दलाली किती, कोण देणार, कधी देणार, हे पहिल्या भेटीत कागदावर लिहा आणि पैसे घेतलेत की पावती द्या. बिल्डरच्या प्रकल्पात दलाली बिल्डर देतो, तेही पार्टीला सांगा. जो प्रकल्प सर्वात जास्त टक्के देतो, तो बहुतेक वेळा विकला न जाणारा प्रकल्प असतो, हेही जमलं तर सांगा. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड जाहिरातीवर नसेल तर त्या साइटकडे फिरकू नका. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायला मदत करणं एजंटसाठीही गुन्हा आहे. दंड दिवसाला दहा हजार, आणि तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. दहा टक्क्यांहून जास्त पैसे नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला घेता येत नाहीत. पार्टीला हे टोकन देण्याआधी सांगायचं असतं.

रोख. विकणारा म्हणतो, रेडी रेकनरएवढा चेक, बाकी कॅश. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं कायद्यानं बंद आहे. मी म्हणते, मग मला वगळा. वगळतात.

८. पोट भरलेलं ठेवा

चार महिने व्यवहार झाला नाही, मुलाची फी भरायची आहे, गाळ्याचं भाडं थकलं आहे, आणि समोर टोकन द्यायला तयार असलेली पार्टी विचारते, “मॅडम, काही प्रॉब्लेम नाही ना या फ्लॅटला?” अशा वेळी खरं बोलणं कठीण जातं. खरेपणा स्वभावात असावा लागतो, असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की तो बऱ्याच अंशी बँकेतल्या शिलकीवर उभा असतो. म्हणून या धंद्यात यायचं तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच या. पितृपंधरवड्यात कुणी टोकन देत नाही, पावसात साइट बघायला कुणी येत नाही. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याला एकदम गर्दी होते. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत सरकारनं मुद्रांक शुल्क कमी केलं, तेव्हा नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या होत्या. त्या कमाईत काही एजंटांनी गाड्या घेतल्या. पुढच्या मंदीत त्यांतल्या काहींना वरचे तीन लाख खावे लागले.

९. बायकांसाठी थोडं वेगळं

रिकामा फ्लॅट दाखवायला अनोळखी माणसाबरोबर एकटीनं जाऊ नका. वॉचमनला वर बोलवा, दार उघडं ठेवा, आधी ओळखपत्राचा फोटो मागा. कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या. बाकी फायदाच जास्त आहे. घर बघायला नवरा येतो, पण स्वयंपाकघरात ओटा कुठल्या दिशेला, ड्राय बाल्कनीत मशीन बसतं का, सासूबाईंना संडास जवळ पडेल का, हे बायको विचारते, आणि ती ते मला विचारते.

१०. ‘घेऊ नका’ लिहून ठेवा

माझ्या वहीत प्रत्येक पार्टीच्या पानावर दोन रकाने आहेत: काय दाखवलं, आणि काय घेऊ नका म्हणून सांगितलं. दुसरा रकाना लिहून ठेवा, तारीख घालून. पुढं वाद झाला तर उपयोगी पडतो, हे एक. दुसरं असं की महिनाअखेरीला तो रकाना रिकामा दिसला तर समजावं, आपण या महिन्यात एकही कागद नीट वाचलेला नाही.

घर घेणाऱ्यांना एकच विनंती. एजंटकडे गेलात की त्याचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा, आणि कुठलंही घर बघितलं की त्याला विचारा, “या घरात वाईट काय आहे?” पश्चिमेचं ऊन, टँकर, वरच्या मजल्याची गळती, काहीतरी असतंच. “काहीच नाही” म्हणाला, तर दुसऱ्या एजंटकडे जा.